मुलांना किती खरे सांगावे?

लहान मुलांशी खोटे बोलू नये, हे तत्त्व कोणी अमान्य करणार नाही. आणि लहान मुलांशी जितके खोटे बोलले जाते तितके दुसऱ्या कोणाशीही बोलले जात नाही, हेही कोणी नाकारणार नाही. ह्या दोन गोष्टी आपण एकाच वेळी सुखाने मानत असतो. मीही मानत होते. आयुष्याची बरीच वर्षे मुलांना शिकविण्यात घालवूनही ह्या विसंगतीने माझी झोप कधी मोडली नव्हती. ती मोडली एका अगदी क्षुल्लक प्रसंगाने, आणि तीही ग्लासगोसारख्या परक्या शहरात, एका चौकडीच्या कापडावरून.

२०१५ च्या नोव्हेंबरात सिरियातील निर्वासित कुटुंबांना घेऊन एक विमान ग्लासगोच्या विमानतळावर उतरले. पुढच्या काळात अशी आणखी कुटुंबे स्कॉटलंडच्या निरनिराळ्या भागांत वसविण्यात आली. त्यांच्याआधीही इरिट्रिया, सुदान, इराण अशा देशांतील माणसे ह्या शहरात येऊन राहिली होतीच. त्यांच्या मुलांना थोडेफार इंग्रजी यावे म्हणून आमच्या भागातील एका सभागृहात दर शनिवारी सकाळी दोन तासांचा वर्ग चालतो. मी त्याच शहरात राहते. महाराष्ट्रात असताना इंग्रजी शिकविण्याचाच व्यवसाय केलेला. तेव्हा मी त्या वर्गाला मदतीस जाऊ लागले.

२०१६ सालचा हिवाळा. सेंट अँड्र्यू हा स्कॉटलंडचा संरक्षक संत, आणि ३० नोव्हेंबर हा त्याचा दिवस. त्या निमित्ताने मुलांना स्कॉटलंडची संस्कृती व तेथील परंपरा ह्यांची ओळख करून द्यावी असे आम्ही ठरविले. कल्पना चांगली होती. भाषा नुसत्या शब्दांनी येत नाही. ज्या माणसांत ती बोलायची त्यांचे सणवार, खाणेपिणे, थट्टामस्करी ह्यांतून ती येते. आम्ही कामाची वाटणी केली. खाद्यपदार्थांचा भाग एका स्कॉटिश बाईंनी घेतला. पोशाखाचा भाग माझ्याकडे आला.

त्या बाईंनी सुरुवात केली ती हॅगिसपासून. हॅगिस हा म्हणे स्कॉटलंडच्या डोंगरांवर राहणारा एक छोटा केसाळ प्राणी. त्याच्या एका बाजूचे पाय आखूड व दुसऱ्या बाजूचे लांब असतात, म्हणून त्याला डोंगराभोवती एकाच दिशेने पळता येते. त्याला पकडायचे तर समोरून जावे. तो वळायला गेला की तोल जाऊन गडगडत खाली येतो. हे सारे त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलविता सांगितले. मुलांनी तोंडे उघडी टाकून ऐकले आणि मग त्या प्राण्याची चित्रे काढली. एका नऊ वर्षांच्या सिरियन मुलीने तर त्याचे आखूड आणि लांब पाय मोजपट्टीने मोजून काढले.

मी अस्वस्थ झाले. ही मुले कोठून आली आहेत, काय पाहून आली आहेत! मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबणे त्यांना नव्याने शिकायचे आहे. आणि आपण त्यांना पहिल्याच ओळखीत फसवायचे? परंतु दहा मिनिटांनी त्या बाईंनी झाकलेले ताट उघडले व खरे सांगून टाकले. मेंढीचे काळीज, हृदय व फुप्फुसे बारीक करून त्यांत ओट, कांदा, चरबी व मसाला घालावयाचा आणि ते सारे मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून शिजवावयाचे, असा हा पदार्थ. त्यांनी आणलेला मात्र डाळी, ओट आणि भाज्या घालून केलेला शाकाहारी हॅगिस होता, म्हणजे तो मुसलमान मुलांनाही चालला आणि मलाही. मुले खो खो हसली. ती मोजपट्टीवाली मुलगी तेवढी रागावली. पण वर्ग सुटताना तिने आपले चित्र जपून घडी करून पिशवीत ठेवले. मी विचारले, "हे कशाला नेतेस?" ती म्हणाली, "बाबांना फसवायला."

पोशाखाविषयी बोलताना मी मात्र कोणालाही फसविले नाही. निदान तशी माझी समजूत होती. चांगल्या छापील पुस्तकात वाचलेलेच मी सोप्या इंग्रजीत सांगितले. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात पुष्कळ कुळे असत. प्रत्येक कुळाची स्वतःची चौकडी, तिला टार्टन म्हणतात. शेकडो वर्षांपासून, बापाकडून मुलाकडे, ती चालत आली आहे. लढाईत माणसे चौकडीवरून आपला कोण आणि परका कोण हे ओळखत. मग मी रंगीत कागदाच्या पट्ट्या वाटल्या आणि मुलांनी सुरेख चौकड्या विणल्या. वर्ग फार चांगला झाला असे सर्वांनी म्हटले.

त्या सभागृहाच्या किल्ल्या एका वृद्ध गृहस्थांकडे असत. मुले गेल्यावर आम्ही दोघे खुर्च्या रचून ठेवत असू. ते मूळचे लुइस बेटावरचे. स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात बाह्य हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे, तिच्यातील हे सर्वांत उत्तरेकडचे. त्या दिवशी खुर्च्या रचता रचता ते म्हणाले, "बाई, तुम्ही फार छान सांगितलेत. फक्त माझ्या आजीला हे कोणी सांगितले नव्हते."

"म्हणजे?"

"आमच्या घरी माग होता. आजी सूत कातायची, वडील विणायचे. दगडफूल खडकावरून खरवडून आणून ती तपकिरी रंग काढायची. घरचे कपडे तपकिरी नाही तर करडे. आमच्या कुळाची चौकडी कोणती, हे मला ग्लासगोला आल्यावर एका दुकानदाराने सांगितले. त्याने आडनाव विचारले आणि एका मोठ्या वहीत पाहिले."

ते हसले. मला हसू आले नाही. मी घरी जाऊन वाचू लागले, आणि जसजशी वाचत गेले तसतशी मला स्वतःची लाज वाटू लागली.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्राच्या बाजूने लढणाऱ्या हायलँडरांचा पराभव झाला. त्यानंतर ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्यान्वये हायलँड पोशाख घालणे हाच गुन्हा ठरला. पहिल्या वेळी सहा महिने तुरुंग, दुसऱ्या वेळी सात वर्षे समुद्रापार. १७८२ पर्यंत हा कायदा टिकला. सूट होती ती राजाच्या फौजेतील हायलँड पलटणींना. त्या पलटणी पुढे कोठवर गेल्या हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. १८०३ साली असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांसमोर ज्या पलटणी उभ्या होत्या त्यांतील दोन, ७४ वी आणि ७८ वी, हायलँडच्याच होत्या.

मग १८२२ साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला. त्याच्या स्वागताची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो वेष कधी अंगाला लावला नव्हता, अशा सखल प्रदेशातील सभ्य गृहस्थांनीही किल्ट चढविले. राजाने स्वतःही चढविला. बॅनकबर्न येथे विल्सन नावाच्या विणकर घराण्याचा कारखाना होता. त्याने अगोदरच चौकड्यांच्या नमुन्यांना नावे देऊन विक्री चालविली होती. १८४२ साली दोन भावांनी एका जुन्या हस्तलिखिताच्या आधारे कुळांच्या चौकड्यांचा एक ग्रंथच छापला. ते भाऊ स्वतःला स्टुअर्ट राजवंशातले म्हणवीत. ते वंशजही नव्हते आणि हस्तलिखितही खरे नव्हते, असे पुढे ठरले. पण त्या ग्रंथातील कित्येक चौकड्या आजही त्या त्या कुळांच्या म्हणून अंगावर मिरविल्या जातात.

ह्याहूनही एक गोष्ट मला जास्त बोचली. राजासाठी एडिंबरोत हायलँडचा हा उत्सव चालला होता, त्याच्या आधीच्या पंधरा वर्षांत सदरलँडच्या जहागिरीतील खेडीच्या खेडी मेंढ्यांच्या कुरणांसाठी उठविण्यात आली होती. माणसे समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर लोटली गेली, पुष्कळ समुद्रापार गेली. म्हणजे माणूस डोंगरावरून गेला आणि त्याचा अंगरखा राजधानीत आला. ज्या मुलांची घरे कालपरवा उठविली गेली होती, त्यांच्यापुढे मी त्या अंगरख्याचे कौतुक केले, आणि घर उठविले गेलेल्या माणसाचे नावही घेतले नाही.

येथे कोणी म्हणेल, समोर आठ-नऊ वर्षांची मुले. त्यांना इंग्रजीचे दोन-तीनशे शब्द येतात. त्यांना कलोडन आणि सदरलँड कसे सांगणार? हा आक्षेप खरा आहे, आणि माझा प्रश्न येथूनच सुरू होतो. मुलाला सगळे सांगता येत नाही. मग काही न सांगणे आणि चुकीचे सांगणे ह्यांत फरक आहे की नाही?

मला वाटते, आहे. रॉबर्ट बर्न्स ह्या कवीचा जन्मदिवस, २५ जानेवारी, स्कॉटलंडात मोठ्या प्रेमाने साजरा होतो. हॅगिसचे ताट वाजतगाजत येते, कविता म्हटल्या जातात. ह्याच बर्न्सने १७८६ साली, गरिबीने व प्रेमातल्या अडचणींनी गांजून, जमैकातील एका मळ्यावर कारकुनी करण्यासाठी जाण्याचे नक्की केले होते. तेथील मळे गुलामांच्या श्रमावर चालत. कवितासंग्रहाला यश मिळाले आणि तो गेला नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे सांगितलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. "बर्न्स शेतकऱ्याचा मुलगा होता, त्याने लोकांच्या बोलीत गाणी लिहिली" एवढे त्याला पुरे. हे थोडे आहे, पण खरे आहे. पुढे तो मुलगा मोठा होऊन जमैकाची गोष्ट वाचील तेव्हा त्याच्या ज्ञानात भर पडेल. आधीचे काही पुसावे लागणार नाही. पण मी जर त्याला "बर्न्सच्या मनाला अन्याय कधी शिवलाच नाही" असे सांगितले, तर तो ज्या दिवशी वाचील त्या दिवशी बर्न्सही त्याच्या मनातून उतरेल आणि मीही उतरेन.

मुलाला दिलेले सत्य लहान असायला हरकत नाही. लहान सत्य वाढते. मी दिलेली चौकडीची गोष्ट वाढणारी नव्हती. ती उपटूनच टाकावी लागणार होती.

आणि हॅगिसचे काय? ते तर उघड खोटे होते. पण त्या खोट्याची सारी गंमत उघडे पडण्यातच होती. त्या बाईंना त्यांच्या लहानपणी कोणी तरी तसेच फसविले होते. आता त्यांनी ह्या मुलांना फसविले. आणि ती सिरियन मुलगी चित्र घेऊन घरी गेली ती बापाला फसवायला. ज्या थट्टेत फसलेला माणूस दुसऱ्या दिवशी फसविणाऱ्यांच्या पंगतीत बसतो, ती थट्टा त्याला बाहेर ठेवीत नाही, घरात घेते. मी ज्याला खोटे समजून अस्वस्थ झाले त्याने मुलांचे काही बिघडले नाही. आणि जे मी गंभीरपणे, पुस्तकाच्या आधाराने सांगितले त्यानेच बिघडण्याचा संभव होता.

तो कसा, हे मला आणखी एका गोष्टीने दिसले. चौकड्यांचा वर्ग इतका रंगला, की पुढे एका शनिवारी प्रत्येक मुलाने "आपल्या देशाचा पोशाख" घालून यावे अशी सूचना निघाली. मलाही लुगडे नेसून या म्हणाले. ती मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "टीचर, मी काय घालू? होम्समध्ये मी शाळेचा गणवेश घालत होते." तिच्या आठवणीतला देश म्हणजे गणवेश, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे आणि शेजारच्या दुकानातला बर्फाचा गोळा. आम्ही मात्र तिच्याकडे भरतकामाचा झगा मागत होतो. ज्याने दुसऱ्याची संस्कृती चित्रातल्या बाहुलीसारखी पाहायची सवय मुलांना लावली, तो उद्या त्या मुलांनाही बाहुल्या करून कपाटात ठेवणारच. मी लावून दिलेली सवय माझ्याच पायाशी आली होती.

पुढच्या शनिवारी मी त्या वृद्ध गृहस्थांना म्हटले, "मी मुलांना सांगणार आहे, की चौकड्यांची ती सगळी गोष्ट खोटी होती."

ते खुर्ची खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागले. "सगळी?" ते म्हणाले. "माझे लग्न मी त्याच चौकडीचा किल्ट घालून केले. माझ्या मुलानेही केले. वही दुकानदाराची असेल, पण लग्न आमचे होते."

ह्या उत्तराने मी दुसऱ्या चुकीतून वाचले. आम्हां शिकलेल्या माणसांना एक खोड असते. एखादी परंपरा जुनी नाही, कोणी तरी मुद्दाम घडविलेली आहे, असे कळले की ती आम्ही लगेच खोटी ठरवितो. ह्यू ट्रेव्हर-रोपर ह्या इंग्रज इतिहासकाराने हायलँड परंपरेवरचा आपला प्रसिद्ध निबंध १९८३ साली छापला, आणि तेव्हापासून किल्टला हसणे ही काही जणांना विद्वत्तेची खूण वाटते. पण परंपरा किती जुनी हा एक प्रश्न आहे, आणि माणसे तिच्यात काय ठेवतात हा दुसरा. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालापासून जोराने सुरू झाला हे ठाऊक असूनही विसर्जनाच्या दिवशी आपला कंठ दाटून येतोच की नाही? मुलांना "हे फार प्राचीन आहे" असे सांगणे खोटे. आणि "ह्यात काही अर्थ नाही" असे सांगणेही खोटेच. खरे एवढेच, की एकदा हा पोशाख बंद केला गेला, मग तो नव्या रूपात परत आला, आणि आता माणसे तो आनंदाच्या दिवशी आवडीने घालतात. हे तर दोन-तीनशे शब्दांच्या इंग्रजीतही बसते.

परंतु खुर्च्या रचून झाल्यावर ते गृहस्थ आणखी एक गोष्ट बोलले, आणि तिचे उत्तर मला अजून पुरते सापडलेले नाही. ते म्हणाले, "पाच वर्षांचा होऊन मी शाळेत गेलो तेव्हा मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आमची भाषा गेलिक. माझ्या आजीच्या वेळी तर शाळेत कोणी गेलिक बोलले की त्याच्या गळ्यात दोरीने लाकूड अडकवीत. आजीच्या गळ्यात ते दोनदा पडले. तिने आपल्या मुलांना सांगितले, घरी काय ते बोला, बाहेर बोलू नका."

१८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, आणि त्या कायद्यात गेलिकची सोय कोठेही नव्हती. भाषेला मारण्यासाठी तिच्याविरुद्ध कायदा करावाच लागतो असे नाही. शाळेच्या दारात तिचे नाव न घेणे पुरते. २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलता येणारी माणसे ७० हजारांच्या आसपास भरली, एवढ्या देशात.

हे ऐकताना मला मेकॉले आठवला. १८३५ साली हिंदुस्थानच्या शिक्षणाविषयी टिपण लिहून इंग्रजीची बाजू लावून धरणाऱ्या ह्या माणसाचे वडील स्कॉटलंडातील इन्व्हरॅरीचे, आजोबा तेथे धर्मोपदेशक, आणि घराणे हेब्रिडीज बेटांकडचे. म्हणजे ज्या बेटांवर पुढे आजीच्या गळ्यात लाकूड पडले त्याच बेटांकडच्या एका घराण्याच्या वंशजाने आपल्याकडे इंग्रजीची वाट रुंद केली. त्या वाटेने मी शिकले, पोट भरले, आणि आता त्याच बेटांच्या देशात सिरियन मुलांना इंग्रजी शिकवीत उभी आहे. स्कॉटलंडहून सगळेच मेकॉले आले असे नव्हे. लॉडर गावचा जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आला तो मराठी शिकला. १८३२ साली त्याने काढलेल्या शाळेचे पुढे विल्सन कॉलेज झाले. पण भाषा शिकून घेणारा पाहुणा आणि भाषा सोडायला लावणारा यजमान ह्यांतला मी कोण, हा प्रश्न मला त्या दिवशी टाळता आला नाही.

मी त्यांना सरळ विचारले, "मग मी हे शिकवणे थांबवावे का?"

"छे!" ते म्हणाले. "त्या पोरांच्या आईला डॉक्टरकडे जायचे असते तेव्हा बरोबर कोण जाते? ती पोरेच. त्यांना इंग्रजी हवेच. मला इंग्रजीने नोकरी दिली, माझे तिच्याशी भांडण नाही. माझे भांडण आहे ते लाकडाशी."

इंग्रजी आणि लाकूड वेगळे करता येतात, हे त्यांचे म्हणणे मी मान्य केले. पण पुरते समाधान झाले नाही, कारण लाकूड नेहमी गळ्यातच दिसते असे नाही. "घरी आईशीसुद्धा इंग्रजीत बोलत जा, म्हणजे लवकर येईल," असे त्याच वर्गात मी स्वतः एका मुलाला सांगितले होते. मोठ्या मायेने सांगितले होते. आजीच्या मास्तरांनाही कदाचित मायाच वाटत असेल.

त्या शनिवारी मी मुलांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "मागे मी तुम्हांला एक गोष्ट सांगितली, ती बरोबर नव्हती." वर्ग एकदम शांत झाला. शिक्षिका असे म्हणते हे त्यांना नवे होते. मग मी सोप्या इंग्रजीत सांगितले: फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या लोकांची लढाई झाली. ते हरले. राज्य करणारे म्हणाले, तुमचे कपडे घालायचे नाहीत. पुष्कळांची घरे गेली. नंतर एक राजा आला, त्यानेच ते कपडे घातले. मग दुकानदारांनी नव्या चौकड्या केल्या. आता लोक त्या लग्नात घालतात आणि त्यांना फार आवडतात. शाळेत त्यांची भाषा बोलू देत नसत. आता पुन्हा शिकवतात.

त्या मुलीने हात वर केला. "टीचर, मी शाळेत अरबी बोलले तर?"

"काही होणार नाही," मी म्हटले. "आणि घरी तर बोलच. मी आणखी एक चूक केली होती." आणि त्या दुसऱ्या मुलाकडे वळून, आईशी इंग्रजीत बोल असे जे मी सांगितले होते ते मी परत घेतले.

मग दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांना मी आत बोलाविले. त्यांनी मुलांना गेलिकमध्ये एक, दोन, तीन शिकविले. तिनाला ते त्री म्हणतात. ते ऐकून माझ्या कानांत संस्कृताचा वर्ग घुमला, आणि आम्ही परके म्हणून ज्यांची ओळख करून देत होतो ते आपले किती जुने सोयरे, असे वाटून गेले. मुलांनी अरबी, तिग्रिन्या, फारसी आकडे सांगून फळा भरून टाकला. पोशाखाचा कार्यक्रम आम्ही केला नाही; त्याऐवजी प्रत्येकाने घरात पाहुणा आला की काय करतात ते सांगावे असे ठरविले.

त्यावरून होग्मने निघाला. होग्मने म्हणजे वर्षाची शेवटची रात्र. स्कॉटलंडात नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ साली. तोवर खरा सण हाच. मध्यरात्र झाल्यावर घराचा उंबरठा जो पहिला ओलांडील त्याच्यावर वर्षाचे नशीब, अशी समजूत आहे. तो काळ्या केसांचा पुरुष असावा आणि त्याने कोळसा, मीठ, गोड भाकरी असे काही तरी हातात घेऊन यावे. हे सांगत असताना मी वर्गाकडे पाहिले. एकही मूल भुऱ्या केसांचे नव्हते. त्या मुलीच्या सात वर्षांच्या भावाने स्वतःच्या केसांना हात लावून पाहिला.

त्या ३१ डिसेंबरला बारा वाजून गेल्यावर तो मुलगा आपल्या बापाबरोबर त्या वृद्ध गृहस्थांच्या दाराशी जाऊन उभा राहिला. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. कोळसा कोठे मिळतो हे बापाला ठाऊक नव्हते. त्यांनी भाकरी आणि मीठ नेले. ते का न्यायचे हे मुलाने बापाला समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा बाप म्हणाला, "हे मला कशाला सांगतोस?" भाकरी आणि मीठ एकत्र खाल्लेल्या माणसांचे नाते अरबांतही तोडता येत नाही. खाल्ल्या मिठाला जागावे हे आपल्यालाही कोणी शिकवावे लागत नाही.

ते गृहस्थ आता नाहीत. २०२५ साली स्कॉटलंडच्या संसदेने गेलिक आणि स्कॉट्स ह्या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. तो पाहायला ते हवे होते. वर्ग अजून चालतो, आणि ती मुलगी, आता चांगली मोठी झालेली, मला मदत करायला येते. मागच्या सेंट अँड्र्यूच्या दिवशी तिने नव्या मुलांना हॅगिस नावाच्या केसाळ प्राण्याची गोष्ट सांगितली. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. मुले हसून झाल्यावर ती मला म्हणाली, "टीचर, टार्टनचे तुम्ही सांगा. तुमचे एकदा चुकले आहे, म्हणून तुम्ही नीट सांगता."